गर्भारपण आणि रक्ताची गुठळी
घराने वेळीच जाणून घ्यावे असे काही

घरात सून गर्भार राहिली की आनंदाबरोबर पथ्यांची यादीही येते. काय खावे, काय टाळावे, किती चालावे, कोणत्या महिन्यात माहेरी जावे, यावर वडीलधाऱ्यांचे बोलणे सुरू होते. रक्ताचा विषय निघतो तो मात्र बहुधा हिमोग्लोबिनपुरता. रक्त किती आहे हे सगळे विचारतात. ते हवे तेव्हा गोठते का आणि नको तिथे गोठत तर नाही ना, हे क्वचितच कुणी विचारते. वारंवार होणारे गर्भपात, सातव्या-आठव्या महिन्यात अचानक वाढणारा रक्तदाब, पोटात बाळाची वाढ खुंटणे, बाळंतपणानंतर न थांबणारा रक्तस्राव किंवा बाळंतिणीला एकाएकी लागलेली धाप या वेगवेगळ्या दिसणाऱ्या संकटांमागे काही वेळा रक्त गोठण्यातला बिघाड असतो. तो वेळीच कळला तर बहुतेक वेळा उपाय करता येतो. कळला नाही तर त्याचे खापर नशिबावर फुटते, आणि पुष्कळदा सुनेवर.

रक्ताचा तोल

रक्ताला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. शिरांमधून ते अखंड वाहत राहिले पाहिजे आणि जखम झाली की त्याच जागी काही मिनिटांत गोठले पाहिजे. गोठवणारी आणि गोठू न देणारी अशी दोन्ही प्रकारची प्रथिने रक्तात असतात. तराजूची दोन पारडी समतोल असावीत तसा त्यांचा तोल निरोगी शरीरात सांभाळला जातो.

गर्भारपणात निसर्ग हा तोल मुद्दाम एका बाजूला झुकवतो. प्रसूतीच्या वेळी वार सुटते तेव्हा गर्भाशयाच्या भिंतीवरील मोठ्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्या क्षणी मातेचा रक्तस्राव थांबावा म्हणून फायब्रिनोजेनसारखी गोठवणारी द्रव्ये आधीच्या महिन्यांत वाढत जातात, आणि गोठण्याला आवर घालणारे ‘प्रोटीन एस’ कमी होते. ही व्यवस्था मातेच्या रक्षणासाठी आहे. पण तिची किंमतही मोजावी लागते. इतर वेळेच्या तुलनेत गर्भवतीच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका सुमारे चार ते पाच पट असतो. दर हजार गर्भारपणांमागे एक-दोन स्त्रियांना हा त्रास होतो. आकडा लहान वाटतो; पण पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव धोक्यात येतो. दिवसांचा हिशोब केला तर सर्वांत जोखमीचा काळ गर्भारपणाचा नसून बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांचा आहे.

ही गुठळी बहुतेक वेळा डाव्या पायात होते. ओटीपोटात डाव्या पायाकडून येणारी मोठी नीला उजव्या बाजूच्या धमनीखालून जाते. वाढत्या गर्भाशयामुळे तिच्यावरचा दाब वाढतो आणि रक्त संथ होते. म्हणून गर्भवतीचा किंवा बाळंतिणीचा एकच पाय, विशेषतः डावा, सुजला किंवा दुखू लागला, तर ‘या दिवसांत पाय सुजतातच’ असे म्हणून सोडून देऊ नये. दोन्ही पायांना संध्याकाळी येणारी हलकी सूज वेगळी आणि एकाच पायाची दुखरी, गरम सूज वेगळी. डॉपलर सोनोग्राफीने तिचा उलगडा होतो आणि या तपासणीचा बाळाला कोणताही अपाय होत नाही. डी-डायमर नावाची रक्ततपासणी मात्र गर्भारपणात एरवीही वाढलेली येते. केवळ तिच्यावरून निदान ठरत नाही.

प्रतिपिंडे वारेवर उठतात तेव्हा

एखादा गर्भपात होणे ही दुःखद पण विरळ नसलेली घटना आहे. कळून आलेल्या गर्भधारणांपैकी शंभरात दहा ते वीस पहिल्या महिन्यांतच संपतात. त्यांतील निम्म्याच्या आसपास गर्भांमध्ये गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. त्यात स्त्रीचा काही दोष नसतो. जिना चढल्यामुळे, एखादा पदार्थ खाल्ल्यामुळे किंवा दुकानात उभे राहिल्यामुळे असे गर्भ पडत नाहीत.

लागोपाठ तीन गर्भपात झाले, किंवा दहा आठवड्यांनंतर वाढ नीट असलेला गर्भ पोटातच दगावला, किंवा तीव्र रक्तदाबामुळे चौतिसाव्या आठवड्याआधीच प्रसूती करावी लागली, तर मात्र एक तपासणी व्हायलाच हवी. अनेक तज्ज्ञ दोन गर्भपातांनंतरच ती सुचवतात. ही तपासणी ‘अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम’ या विकाराची आहे. लंडनमध्ये डॉ. ग्रॅहम ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. म्हणून त्याला ह्यूज सिंड्रोम असेही म्हणतात. यात शरीराचे संरक्षक दल आपल्याच पेशींच्या आवरणाशी निगडित प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्यामुळे रक्त गोठण्याकडे झुकते आणि वार गर्भाशयात नीट रुजत नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांपैकी साधारणतः १५ टक्के स्त्रियांत ही प्रतिपिंडे सापडतात.

निदानासाठी ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या तीन चाचण्या करतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साध्या तापानंतरही ही प्रतिपिंडे काही काळ दिसून नंतर नाहीशी होतात. म्हणून किमान बारा आठवड्यांच्या अंतराने चाचणी पुन्हा केल्याशिवाय हा शिक्का कुणावर मारू नये.

या विकारावर उपाय आहे, हे सर्वांत महत्त्वाचे. १९९७ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयातील वैद्यांनी अशा ९० स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. केवळ कमी मात्रेचे ॲस्पिरिन घेतलेल्या गटात ४२ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झाले. ॲस्पिरिनच्या जोडीला हेपॅरिनची इंजेक्शने घेतलेल्या गटात ते प्रमाण ७१ टक्के होते. पुढील सर्व अभ्यासांचे आकडे इतके ठळक आले नाहीत. तरीही या विकारात ही जोडी आजही मुख्य उपचार मानली जाते.

जन्मजात दोष आणि अनावश्यक इंजेक्शने

काही घराण्यांत गुठळ्यांची प्रवृत्ती वारशाने येते. प्रोटीन सी, प्रोटीन एस किंवा अँटिथ्रॉम्बिन यांची कमतरता हे तिचे काही प्रकार. ‘फॅक्टर फाइव्ह लायडन’ हा आणखी एक प्रकार. नेदरलँड्समधील लायडन शहरात १९९४ मध्ये तो उलगडला गेला. युरोपीय लोकांत तो बराच आढळतो, भारतीयांत त्याहून खूपच कमी. अशा स्त्रीला पूर्वी गुठळी झाली असेल किंवा आई, मामा, मावशी यांच्यात तसा इतिहास असेल, तर गर्भारपणात आणि विशेषतः बाळंतपणानंतर गुठळी टाळण्यासाठी इंजेक्शनांचा विचार होतो.

मात्र केवळ गर्भपात टाळण्यासाठी ही इंजेक्शने उपयोगी पडतात का? जन्मजात दोष आणि पूर्वी दोन किंवा अधिक गर्भपात अशा ३२६ स्त्रियांवर पाच देशांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज इंजेक्शन घेतलेल्यांत ७२ टक्के आणि न घेतलेल्यांत ७१ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झाले. म्हणजे फरक जवळपास शून्य. हा निष्कर्ष आपल्याकडे जाणून घेणे फार गरजेचे आहे. दोन गर्भपातांनंतर घर घाबरलेले असते, ‘पैसा गेला तरी चालेल, पण काहीतरी करा’ असे म्हणते, आणि नऊ महिने रोज पोटात सुई टोचून घेणे सुनेच्या वाट्याला येते. व्यवहारात आपण प्रत्येक नोंदीचे कारण विचारतो. येथेही डॉक्टरांना नम्रपणे विचारावे : निदान कोणते, ते कोणत्या चाचणीवरून ठरले, चाचणी दोनदा झाली का, आणि हे इंजेक्शन बाळासाठी आहे की मातेला गुठळी होऊ नये म्हणून? गर्भारपणात प्रोटीन एस स्वाभाविकपणेच कमी होते. त्या दिवसांत केलेल्या चाचणीवरून जन्मजात कमतरता ठरवू नये, हेही लक्षात असावे.

औषधाच्या उगमाचा प्रश्न

हेपॅरिनबाबत आपल्या घरांत एक वेगळा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. हे औषध प्राणिज आहे. १९१६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या हाती कुत्र्याच्या यकृताच्या अर्कातून रक्त गोठू न देणारा पदार्थ लागला आणि त्या संशोधनातून पुढे हेपॅरिन आले. यकृताच्या ग्रीक नावावरून त्याला हे नाव मिळाले. आज जगातले बहुतांश हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून मिळवतात. एनॉक्सापॅरिनसारखी त्याची सुधारित रूपेही त्यातूनच तयार होतात.

मग दुसरे काही नाही का? वॉरफेरिनच्या गोळ्या प्राणिज नाहीत. पण वॉरफेरिन वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्याच्या हाडांना, नाकाच्या घडणीला अपाय करू शकते. रिव्हारोक्सॅबान, अपिक्सॅबान या नव्या गोळ्या गर्भारपणात देत नाहीत. हेपॅरिन वार ओलांडत नाही, हेच त्याचे मोठे बळ आहे. फोंडापॅरिनक्स हे इंजेक्शन पूर्णपणे रासायनिक पद्धतीने बनवलेले आहे. ज्यांना हेपॅरिन सोसत नाही अशा गर्भवतींना ते दिले जाते; मात्र त्याचा गर्भारपणातला अनुभव तुलनेने कमी आहे आणि त्याचा अल्प अंश बाळाकडे जातो. ते चालेल की नाही हे रक्तविकारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे असते. दाब देणारे लांब मोजे पूरक आहेत. झालेल्या गुठळीवर ते उपचार नव्हेत.

आपल्या परंपरेने गृहस्थाच्या आचारात संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा असा भेद केला आहे. औषधाचा प्रश्न या भेदात कुठे बसतो, हे सांगण्याचा अधिकार या लेखाचा नाही. इतके मात्र निश्चित सांगता येईल की ज्या स्त्रीच्या शिरेत गर्भारपणी गुठळी झाली आहे, तिने उपचार नाकारणे म्हणजे तिचा आणि बाळाचा असे दोन जीव पणाला लावणे आहे. म्हणून हा विचार अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून करण्याचा नाही. पूर्वीचा इतिहास असेल तर गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांना औषधाचा उगम विचारावा, पर्याय समजून घ्यावेत, कुणाला साधू-साध्वींचे मार्गदर्शन घ्यायचे असेल तर तेव्हाच घ्यावे. आणि शेवटचा शब्द त्या स्त्रीचा असावा. सासऱ्यांनी मौन धरले, सासूबाईंनी नाराजी दाखवली आणि सुनेने लपून इंजेक्शन घेतले, किंवा लपून टाळले, अशी वेळ कोणत्याही घरावर येऊ नये.

उपवास, प्रवास आणि बाळंतिणीची खोली

गुठळी होण्यास तीन गोष्टी कारण होतात : रक्ताचा संथ प्रवाह, शिरेला झालेली इजा आणि रक्ताची गोठण्याकडे वाढलेली ओढ. जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्शो यांच्या नावाने ही त्रयी ओळखली जाते. तिच्या प्रकाशात आपल्या काही रीती पाहाव्यात.

पहिली गोष्ट पाण्याची. शरीरातले पाणी कमी झाले की रक्त दाटते. ओकाऱ्यांनी बेजार झालेली गर्भवती चौविहार उपवास करते किंवा पर्युषणात अठ्ठाईचा निश्चय करते, तेव्हा तिच्या भावनेबद्दल आदर ठेवूनही तिला थांबवले पाहिजे. तप यथाशक्ती करावे, हे आपल्याकडे आवर्जून सांगितले आहे. ‘शक्तितस्तप’ या शब्दातच ती मर्यादा आली. ज्या शरीरावर दुसऱ्या जिवाचा भार आहे, त्याची शक्ती त्या हिशोबानेच मोजायची असते. सामायिक, स्वाध्याय, जप यांना पाण्याची अडचण नाही.

दुसरी गोष्ट प्रवासाची. सम्मेदशिखरजीची यात्रा असो वा माहेरची वाट, सलग चार तासांहून अधिक काळ एका जागी बसणे हे गुठळीला निमंत्रण ठरू शकते. दर तास-दीड तासाने गाडी थांबवून चालावे, बसल्या जागी पावले वर-खाली हलवावीत, पाणी पीत राहावे. पूर्वी गुठळी झालेल्या स्त्रीने प्रवासाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तिसरी गोष्ट बाळंतिणीच्या खोलीची. सव्वा महिना बाजेवर, शेक-शेगडी आणि ‘पाणी कमी प्यावे, पोट सुटते’ ही समजूत अजून अनेक घरांत टिकून आहे. सर्वाधिक धोक्याच्या सहा आठवड्यांत तहान मारणे आणि हालचाल थांबवणे या दोन्ही गोष्टी नेमक्या उलट दिशेच्या आहेत. बाळंतिणीला विश्रांती द्यावी, पण तिने पहिल्या दिवसापासून थोडे थोडे चालावे आणि पोटभर पाणी प्यावे. सिझेरियन झालेल्या आणि वजन अधिक असलेल्या स्त्रीबाबत हे अधिकच पाळावे. तिला ठरावीक दिवस इंजेक्शने सांगितली असतील, तर घरी आल्यावर ती मध्येच बंद करू नयेत. हेपॅरिन आणि वॉरफेरिन घेत असताना बाळाला अंगावर पाजता येते.

चौथी गोष्ट गोळ्यांची. पूजा, लग्न किंवा यात्रेसाठी पाळी लांबवण्याच्या गोळ्या दुकानातून सहज आणल्या जातात. त्यांतील नॉरइथिस्टेरॉनचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. जिला पूर्वी गुठळी झाली आहे किंवा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम आहे, तिने ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही घेऊ नये. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही तिच्यासाठी वर्ज्य आहेत.

पाचवी गोष्ट बी-१२ जीवनसत्त्वाची. ते सूक्ष्मजीव तयार करतात; धान्य, डाळी, भाज्या यांत ते नसते. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते आणि अनेकदा अपुरे पडते. ते कमी झाले की रक्तात होमोसिस्टीन वाढते आणि गुठळ्यांशी त्याचा संबंध आढळतो. गर्भधारणेपूर्वी बी-१२ तपासून घ्यावे आणि कमी असल्यास पूरक मात्रा घ्यावी. हे औषध जिवाणूंच्या किण्वनातून बनवतात. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे नाही ना, तेवढे विचारून घ्यावे.

तराजूचे दुसरे पारडे

काहींचे रक्त गोठतच नाही किंवा उशिरा गोठते. यातला सर्वाधिक आढळणारा जन्मजात विकार म्हणजे व्हॉन विलेब्रँड आजार. फिनलंडचे वैद्य एरिक व्हॉन विलेब्रँड यांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरील एका कुटुंबाच्या निरीक्षणातून तो मांडला. त्या कुटुंबातील एक मुलगी तेराव्या वर्षी, चौथ्या मासिक पाळीच्या रक्तस्रावात दगावली होती.

या विकाराची पहिली खूण पुष्कळदा मुलीच्या पाळीतच दिसते : सात दिवसांहून अधिक काळ जाणारा, गाठी पडणारा, तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागणारा स्राव. त्या दिवसांत बाजूला बसणारी मुलगी हे कुणाला सांगत नाही आणि आईही ‘आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जाते’ म्हणून सोडून देते. दात काढल्यावर न थांबणारे रक्त, वारंवार फुटणारा घोळणा, सहज उठणारे काळे-निळे डाग यांची त्याला जोड असेल, तर तपासणी करावी. मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था अशा रक्तविकारांचे विशेष काम करते.

गर्भारपणात या स्त्रियांची गोठवणारी द्रव्ये अनेकदा वाढतात आणि सारे ठीक आहे असे वाटते. प्रसूतीनंतर काही दिवसांत ती पुन्हा उतरतात आणि घरी गेल्यावर रक्तस्राव सुरू होतो. म्हणून अशा बाळंतिणीवर काही आठवडे लक्ष ठेवावे लागते.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध मोलाचे ठरले आहे. जपानच्या डॉ. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ते शोधले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१ देशांतील २०,०६० स्त्रियांच्या अभ्यासात असे दिसले की तीन तासांच्या आत हे औषध दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. हा निकाल येण्यापूर्वीच, २०१६ मध्ये, उताकोबाईंचे निधन झाले होते. या औषधात वेळ हाच सारा हिशोब आहे. म्हणून प्रसूती कुठे करायची हे ठरवताना तेथे रक्तपेढीची सोय जवळ आहे का, हे आधी विचारावे.

घराने काय करावे

पहिली प्रसूती माहेरी करण्याच्या रीतीत एक अडचण असते : सासरच्या डॉक्टरांचे कागद सासरीच राहतात. गर्भवतीची एक फाईल असावी आणि ती तिच्याबरोबरच फिरावी. आधीचे गर्भपात कितव्या आठवड्यात झाले, कोणत्या चाचण्या कोणत्या तारखेला झाल्या, कोणते इंजेक्शन किती मात्रेत चालू आहे, शेवटचे कधी घेतले, हे पहिल्या पानावर लिहावे. शेवटच्या इंजेक्शनची वेळ विशेष महत्त्वाची. प्रतिबंधक मात्रेनंतर किमान बारा तास आणि उपचाराच्या पूर्ण मात्रेनंतर चोवीस तास गेल्याशिवाय पाठीच्या मणक्यातून भूल देत नाहीत.

एकाच पायाला दुखरी सूज, अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा तासाला एक पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच रुग्णालय गाठावे.

आणखी एक गोष्ट, जी औषधाच्या दुकानात मिळत नाही. सोयरीक मोडेल या भीतीने घराण्यातल्या गुठळ्यांचा किंवा रक्तस्रावाचा इतिहास लपवला जातो. मामाला तरुणपणी पायात गुठळी झाली होती, आजी बाळंतपणात गेली, ही माहिती मुलीच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही. व्यापारात जुने देणे लपवून नवी पेढी उघडणाऱ्याचा आपण विश्वास धरत नाही. येथे तर मुलीच्या प्राणांचा प्रश्न आहे. हा इतिहास कलंक नव्हे, ती पूर्वसूचना आहे. ती उघडपणे सांगणारे माहेर आणि शांतपणे ऐकून घेणारे सासर मिळाले, तर बहुतेक मुलींचे बाळंतपण सुखरूप पार पडते.